टर्बोजेटचं मॉडेल चाचणीच्या डेट्यावरून बसवायचंय, सल्ला हवा

शाफ्टवेग: कॉलेजच्या बेंचवर एका शाफ्टचं छोटं टर्बोजेट आहे. फ्युएल फ्लो, आरपीएम, ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) नोंदवतोय. आयडलला (सर्वात कमी स्थिर वेगाला) इंधनात स्टेप, म्हणजे एकदम बदल देऊन फर्स्ट ऑर्डर मॉडेल (एक गेन, एक टाइम कॉन्स्टंट) बसवलं, तिथे छान जुळतं. वरच्या वेगाला मात्र इंजिन मॉडेलपेक्षा चपळ निघतं. पीआय कंट्रोलर (वेगातली चूक आणि तिची साठत गेलेली बेरीज पाहून इंधन ठरवणारा) करायचाय. सरळ न्यूरल नेटवर्क घेऊ का?

कंट्रोलवाला: आत्ता नको. इंजिन बरोबरच वागतंय. वेग वाढला की हवेचा प्रवाह वाढतो, वेग जरा ढळला तरी त्याला मागे ओढणारा टॉर्क जास्त मिळतो. जडत्व तेवढंच, म्हणून टाइम कॉन्स्टंट (इंजिन किती वेळात प्रतिसाद देतं ते) घटतो. गेनही (तेवढ्याच जादा इंधनाला आरपीएम किती वाढतो ते) उतरतो. तो स्थिर स्थितीच्या फ्युएल-आरपीएम आलेखाच्या उतारावरून ताडून पाहा, फुकटातली खातरजमा आहे.

वेगवेगळ्या आरपीएमला लहान चाचण्या घ्या आणि पीआयचे गेन वेगानुसार बदलते ठेवा. मी तर स्टेपऐवजी मल्टिसाइनच (अनेक साइन लहरींची बेरीज) सुचवेन, तेही फक्त विषम हार्मोनिक्सचं, म्हणजे मूळ वारंवारितेच्या १, ३, ५ पटींचं. इंधनात नसलेली सम हार्मोनिक्स आरपीएममध्ये उमटली, तर नॉनलिनिअरिटी (इंजिन सरळ प्रमाणात न वागणं) तिथेच पकडता येते. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइस स्पे या जेट इंजिनावर अशा चाचण्या झाल्या आहेत.

तापमापी: डेटा हवेच्या तापमान-दाबासाठी दुरुस्त केलात का? दुपारी इनलेटला ३८ अंश असेल तर वेगाला √(३११.१५/२८८.१५), म्हणजे सुमारे १.०४ ने भागावं लागतं (केल्व्हिनमध्ये ३८ अंश आणि प्रमाण १५ अंश). तेच आरपीएम सकाळी आणि दुपारी इंजिनासाठी वेगळा बिंदू असतो. फ्युएल फ्लोच्या दुरुस्तीत हवेचा दाबही येतो. आणि ईजीटीच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) स्वतःचा लॅग, म्हणजे उशीर असतो, तो इंजिनाच्या माथी मारू नका.

शाफ्टवेग: दुरुस्ती केली नव्हती, आजच करतो. एक राहिलं: चाचणीत ईसीयूचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचा) वेग-नियंत्रक चालूच होता.

कंट्रोलवाला: ते महत्त्वाचं आहे. मग आरपीएममधला नॉइज फीडबॅकमधून इंधनात शिरतो आणि अंदाज एका बाजूला झुकतो. नियंत्रक बंद करणं धोक्याचं असेल तर मल्टिसाइन वेगाच्या सेटपॉइंटमध्ये मिसळा आणि बरेच पीरियड घेऊन सरासरी काढा. इनपुट म्हणून मात्र प्रत्यक्ष मोजलेला फ्युएल फ्लोच घ्या, थ्रॉटल कमांड नको, नाहीतर पंपाची दिरंगाई इंजिनाच्या खात्यात जाईल.

सर्ज (कॉम्प्रेसरमधला प्रवाह उलटणं) आणि फ्लेमआउट (ज्योत विझणं) या लिनिअर मॉडेलमध्ये दिसणारच नाहीत. इंधन वाढवण्या-कमी करण्याच्या मर्यादा वेगळ्या घाला, त्या नसताना मोठी स्टेप देऊच नका. मॉडेल तपासायला आयडलपासून वरपर्यंतचा एक संथ रॅम्प बाजूला ठेवा, तो फिटिंगला वापरायचा नाही.