रेडिएशनमुळे आतडं आक्रसलंय : भाग काढायचा की बायपास? अनुभव हवेत

नमस्कार. आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. 25 रेडिएशन आणि नंतर ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन), हे सगळं सहा वर्षांपूर्वी झालं. कॅन्सर परत आलेला नाही. पण गेल्या दीड वर्षात आतडं चौथ्यांदा अडलंय. जेवून तासभर झाला की पोट फुगतं, बेंबीखाली एक वळकटी उठते आणि कातडीखालून सरकताना चक्क दिसते. आई तिच्यावर तळहात दाबून बसते. गुडगुड होऊन ती विरली की मगच श्वास सोडते. नाही विरली तर हिरवी उलटी. आतापर्यंत नाकातली नळी आणि सलाइनवर निभावलं. वजन 56 वरून 43 किलो.

सीटीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दोन जागा अरुंद दिसल्या. रेडिएशनने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बंद होत जातात, भिंत जाड नि कडक होते, औषधाने ती मोकळी होणार नाही, इथवर पटलं.

घोळ पुढे आहे. एक सर्जन म्हणतात, खराब भाग काढू आणि वरचं चांगलं टोक थेट मोठ्या आतड्याच्या रेडिएशन न लागलेल्या भागाला जोडू. किरण लागलेली दोन टोकं एकमेकांना जोडली तर टाके धरत नाहीत, गळती होते. दुसरे म्हणतात, ओटीपोटात सगळं चिकटलेलं असणार, सोडवताना आतडं फाटेल, त्यापेक्षा बायपास, म्हणजे खराब भाग न काढता त्याला वळसा घालून पुढे जोड द्यायचा. पण मग खराब भाग आतच राहतो, पुढे त्यातून रक्तस्राव, छिद्र किंवा फिस्टुला (आतडं आणि शेजारचा अवयव किंवा कातडी यांच्यात नको ती वाट) होऊ शकतो, हे त्यांनीच सांगितलं. माझं मन काढण्याकडे झुकतंय. पण एवढ्या अशक्त बाईला इतकं मोठं ऑपरेशन झेपेल का, या विचाराने झोप लागत नाही.

आधी शिरेतून पोषण देऊन ताकद वाढवायची, यावर दोघांचंही एकमत आहे. तुमच्याकडे ते किती दिवस दिलं? तो शेवटचा भाग काढल्यावर बी-12 ची इंजेक्शनं कायमची लागतात म्हणे, आणि पित्तामुळे जुलाबही होतात. कोलेस्टिरामिनने (पित्त बांधून जुलाब कमी करणारं औषध) कुणाला आराम पडला का? किती आतडं उरेल, हे सर्जनना आधीच विचारावं का?

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, वाईट अनुभव असला तरी लिहा. पुढची भेट गुरुवारी आहे. जोड भरेपर्यंत पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल असं कळल्यापासून आई गप्प आहे. ती पिशवी तुमच्याकडे किती महिन्यांनी निघाली, तेवढं तरी सांगा. तिला वाचून दाखवायचंय.