मरणाच्या दारातल्या रुग्णाला सुवार्ता सांगायची ती कशी?

सदर_मंडळी
नागपूरच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात भेटीला जाणाऱ्या आमच्या चर्चच्या गटात नवीन पोरं आली आहेत. रुग्ण बहुतेक हिंदू किंवा बौद्ध घरातले, काही छिंदवाडा-बालाघाटकडचे. "तुम्ही लोक काय प्रार्थना करता?" असं कुणी विचारलं तर काय वाचावं, किती बोलावं, कुठे थांबावं?

सिस्टर_निवृत्त
आधी वेळ बघा. मॉर्फीन (दुखणं कमी करायचं औषध) नुकतंच दिलं असेल तर माणूस गुंगीत असू शकतो. डोस उतरत आला की दुखण्यापुढे काही सुचत नाही. मधली वेळ कोणती ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. ड्रेसिंग आणि राउंड टाळा. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

स्टूल उशाशी घ्या, ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला. पायथ्याशी उभं राहून बोललात तर रुग्णाला मान उचलावी लागते. ऑक्सिजनचा मास्क असेल तर हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारा: "वाचू का? हो असेल तर बोट दाबा." बोट दाबलं नाही तर नको समजायचं. नवीन पोरं इथेच चुकतात, गप्प राहण्यालाच होकार धरतात. आणि ऑक्सिजन चालू असताना मेणबत्ती अजिबात नाही.

पाळक_विदर्भ
बायबलमधल्या स्तोत्र २३ पासून सुरुवात करा, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" ते. सहाच वचनं, आणि मेंढपाळ खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे ऐकायचं असेल तर लूकच्या शुभवर्तमानातलं २३:३९-४३. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराकडे बाप्तिस्मा घ्यायलाही वेळ नव्हता, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकात (स्वर्गात) असशील असा शब्द मिळाला. "आता माझं काय उरलं" म्हणणाऱ्याला हेच लागू पडतं. बायबलच्या रोमकरांस पत्रातली तारणाची (पापातून सुटकेची) मांडणी खाटेशी काढू नका. थकलेला माणूस वाद ऐकत नाही, सहन करतो.

प्रार्थना मिनिटभर, साध्या मराठीत, त्याचं नाव घेऊन. "प्रभू तुम्हाला बरं करील" असा शब्द देऊ नका. रुग्ण गेला की घरचे तो शब्द विसरत नाहीत. नरकाचा धाक घालणं तर निव्वळ क्रूरपणा, माझ्या मते पापच.

धंतोलीकर_वकील
घटनेचं कलम २५ धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, पण १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. म्हणून औषधाचे पैसे, डबा, रक्तदाता यातलं काहीही प्रार्थनेला जोडू नका. मदत करणारा आणि वाचणारा माणूस वेगळा ठेवलात तर उत्तम.

बाप्तिस्मा मागितला तर घाई नको. तो शुद्धीत आहे, स्वतः मागतोय, घरच्यांना ठाऊक आहे, हे बघून पाळकांना बोलवा. दहन की दफन, हेही तेव्हाच विचारून घ्या; नाहीतर मयत दारात असताना भांडण होतं.

सदर_मंडळी
आणि बेशुद्ध असेल तर?

सिस्टर_निवृत्त
ऐकू येतंय असं धरूनच बोलायचं. पण तो आता "नको" म्हणू शकत नाही, म्हणून शुद्धीत असताना जे ऐकायला मागितलं होतं तेवढंच वाचा. ओठ कोरडे दिसले तर सिस्टरला सांगा. तोंडात चमच्याने पाणी घालू नका. गिळता येत नसलं तर ते श्वासनलिकेत उतरतं.