मागच्या रस्त्यावरच्या गाड्या आणि ड्रोनचा प्रस्ताव

सेक्रेटरी (ए-302): नमस्कार मंडळी. मागच्या गुरुवारी रात्री मागच्या रस्त्यावर आपल्या सोसायटीतल्या एका ताईंचा पाठलाग झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारच्या सभेआधी एक प्रस्ताव इथे मांडतो. सिक्युरिटी एजन्सीने ड्रोन सुचवला आहे. ज्यांची गाडी बाहेर लागते त्यांनी अ‍ॅपवर बटण दाबायचं. गच्चीवरून ड्रोन येईल, दिवा आणि कॅमेरा घेऊन गाडीपर्यंत वरून सोबत करेल आणि गेटवरच्या गार्डला ते स्क्रीनवर दिसेल. मोकळेपणाने मत द्या.

सी-201: कल्पना चांगली आहे. माझी बहीण कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ, चुला विस्टाला असते. तिथले पोलीस 2018 पासून हे करतात. मदतीचा फोन आला की गच्चीवरून ड्रोन निघतो आणि बऱ्याचदा गस्तीच्या गाडीआधी पोहोचतो. आपल्याकडे का नको?

ए-704: अहो, पण त्या कॅमेऱ्याला आमच्या खिडक्याही दिसणार ना? घरात वयात आलेल्या मुली आहेत. ते चित्रीकरण कोण बघणार, किती दिवस ठेवणार? एजन्सीची माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात.

सी-201: काकू, हा प्रश्न तिथेही आला. एका पत्रकाराने पोलिसांकडे ड्रोनचं फुटेज मागितलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. सरसकट सगळंच फुटेज गुप्त ठेवता येणार नाही, असं 2023 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं. आपणही नियम आधी लिहून ठेवू.

बी-604: सेक्रेटरी काका, गुरुवारी पाठलाग झाला ती मीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला पार्किंग मिळालेलं नाही. गाडी नाल्याच्या पुलापलीकडे लावते. मागच्या गेटपासून 280 पावलं आहेत, मी मोजलेली आहेत. आठवड्यातून चार रात्री पावणेअकराला निघते, कारण हॉस्पिटलात माझी ड्युटी 11:30 ला सुरू होते. त्या रात्री बाइकवरचे दोघे पुलापासून हळूहळू मागे येत होते. मला ते आधी दिसले नाहीत, ऐकू आले. चाकाखाली खडी वाजली म्हणून मी वळले आणि पळाले.

आता डोक्यावर ड्रोन घरघरत असता तर ती खडी मला ऐकू आली असती का? अंधारात बाईला डोळ्यांआधी कान सांगतात. शिवाय वरून झोत पडला की माझ्याभोवती उजेड आणि बाकी सगळं आणखी काळं. भिंतीआड कोण उभं आहे ते मला दिसणार नाही, पण मी एकटी चालले आहे हे लांबूनही कळेल.

आणि कॅमेरा तर त्या रात्रीही होता. मागच्या भिंतीवरच्या सीसीटीव्हीत सगळं आलंय, दुसऱ्या दिवशी आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या क्षणी बघणारं कोणी नव्हतं. समजा गार्डदादांनी पाहिलं असतं, तरी रात्री गेटवर ते एकटेच. गेट सोडून धावत येणार कोण? चुला विस्टात ड्रोनच्या मागोमाग पोलीस येतात. आपल्या ड्रोनमागे कोण येणार?

25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या बसमध्ये तरुणीवर जो अत्याचार झाला, तो आठवला की अजून पोटात गोळा येतो. तिथे ड्रोन उडाले, पण नंतर. आरोपीला शोधायला शिरूर तालुक्यात, गुनाटच्या उसात. मला माणूस त्या आधी हवा आहे.

ए-1003: मी वायुदलात होतो, म्हणून नियमांचं सांगतो. आपण खराडीत आहोत, लोहगावचा विमानतळ उशाशी आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ड्रोन किती खाली उडतो याने फरक पडत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरच्या नकाशात कोणीही पाहू शकतं. लोहगाव वायुदलाचा तळ आहे, तिथे रोज रात्री बटण दाबून उड्डाण हा विषयच होऊ शकत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर धो धो पावसात लहान ड्रोन गच्चीवरच बसून राहणार. एजन्सीने हे आधी सांगायला हवं होतं.

डी-105: मी कॅब चालवतो. पहाटे तीनला विमानतळाची भाडी असतात, तेव्हा त्याच रस्त्याने गाडीकडे जातो. गेल्या वर्षी पुलाजवळ माझा मोबाईल आणि दिवसभराची रोकड हिसकावली. दोन टाके पडले. ग्रुपवर सांगितलं नव्हतं. ताई म्हणतात ते खरं आहे. पुलाजवळचे तीन दिवे बंद आहेत आणि झुडपं माणसाएवढी वाढलीत. माझं गाव दौंडकडे. 2024 च्या पावसाळ्यात रात्रीचे ड्रोन दिसायचे तर चोर टेहळणी करतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागायचे. आमच्याकडचं कोणी वर ड्रोन बघून निवांत झोपणार नाही.

सी-201: विमानतळाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं मत मागे घेतो. त्याच पैशांत रात्री 10 ते पहाटे 5 दुसरा गार्ड ठेवता येईल का?

ए-704: आणि रात्रपाळीवाल्यांना आतलं पार्किंग द्या. आमची गाडी आठवड्यातून एकदा निघते. आमची जागा बी-604 ला द्या, आमची गाडी बाहेर राहिली तरी चालेल. ह्यांच्याशी बोलले आहे.

बी-604: काकू, काय बोलू... घरी येऊन भेटते.

सेक्रेटरी (ए-302): ड्रोनचा विषय सभेतून काढतो. त्याजागी तीन विषय घेतो: दुसरा गार्ड, पुलापर्यंतचे दिवे आणि झुडपं, रात्रपाळीवाल्यांसाठी पार्किंगची अदलाबदल. दिव्यांसाठी उद्या सकाळी मी स्वतः अर्ज घेऊन जातो. सोबत कोणी येईल का?

ए-1003: मी येतो. साडेनऊला गेटवर.

डी-105: ताई, आज ड्युटी आहे ना? काकूंची जागा मोकळी होईपर्यंत पावणेअकराला मी मागच्या गेटवर थांबतो. मोठी बॅटरी आहे माझ्याकडे.

बी-604: हो दादा, आहे. येते.