विषय: शनिवारी शेणखत वाटू नका, टोमॅटोचे शेंडे वळलेत

वहिनी, २२ मे, सकाळी

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या वाटपाआधी हे वाचा. नानांनी आणलेल्या खताची २ पोती मी मागच्या वाफ्यात घातली होती. टोमॅटो लावून आज १८ दिवस झाले आणि १२ च्या १२ रोपांचे शेंडे वळलेत. खालची पानं जशीच्या तशी आहेत. वर जे नवं पान येतं ते मात्र अरुंद, कडा आत वळलेल्या, नेच्याचं कोवळं पान उलगडायच्या आधी असतं तसं. देठही पिळल्यासारखे. त्याच ट्रेमधली ३ रोपं जागा नव्हती म्हणून विकतच्या मातीत, कुंडीत लावली होती. ती मजेत वाढतायत.

मला खताचा संशय येतोय. अजून कुणाकडे असं झालंय का? खात्री होईपर्यंत पोती तशीच राहू द्या.

नाना, २२ मे, दुपारी

वहिनी,

खत मी स्वतः हाताने उकरून बघून घेतलंय. २ वर्षं मुरलेलं, काळं, भुसभुशीत, वास नाही, ढिगात गांडुळं. खत कच्चं असतं तर मुळं जळून रोपं करपली असती, तसं तुम्ही लिहिलेलं नाही. रोपं घरातून थेट उन्हात नेली असणार.

ट्रेलर आणून २ फेऱ्या केल्या, पोती भरली, १४ घरांनी नावं दिली. एका वाफ्यावरून सगळं थांबवणं मला पटत नाही.

मामी, २२ मे, दुपारी

नाना, उन्हाचं म्हणाल तर, थेट उन्हात नेलेल्या रोपाची पानं वळत नाहीत. त्यांच्यावर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. मार्चअखेरीस माझं एकदा झालंय. तेव्हापासून रोपं पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं थोडं जास्त, असे ८-१० दिवस बाहेर काढते आणि रात्री आत घेते. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जात असेल तर टोमॅटो लावतच नाही. रोप मरत नाही, पण जे बसतं ते महिनाभर उठत नाही.

अण्णा, २२ मे, संध्याकाळी

टोमॅटोची पानं वळणं हा दर वेळी रोगच असतो असं नाही. ऊन तापलं, पाणी कमी-जास्त झालं, छाटणी जास्त झाली की पानं वरच्या बाजूला सुरळीसारखी वळतात. झाड आपलं पाणी राखतं. घाबरायचं कारण नाही. सकाळी भरपूर पाणी द्या, बुंध्याशी पेंढ्याचं आच्छादन घाला. आठवड्यात सुधारेल.

माई, २२ मे, रात्री

अण्णा, ती सुरळी जुन्या, खालच्या पानांची असते आणि पान हाताला जाड, चामड्यासारखं लागतं. ही लिहिते की खालची पानं चांगली आहेत, वळलाय तो शेंडा. मला हा बोकड्या वाटतो, म्हणजे किडींमुळे पसरणारा, शेंडे-पानं मुरडणारा रोग. वहिनी, पान उलटं करून बघ गं. पांढरी माशी, मावा काही दिसतं का? झाड हलवलंस की पांढरं उडतं का? आणि रोग असेल तर एखाद-दुसऱ्या झाडापासून सुरू होतो, एका रात्रीत सगळी झाडं धरत नाही. तुझी सगळी एकदम वळली का?

सचिव, २३ मे, सकाळी

या निमित्ताने आठवण: एप्रिलमध्ये वाटलेल्या रोपांचे रिकामे ट्रे अजून ९ जणांकडे आहेत. शनिवारी आणा. वाटप होवो न होवो, ट्रे हवेत.

वहिनी, २३ मे, सकाळी

माई, भिंग घेऊन अर्धा तास पानांच्या मागे बसले. माशी नाही, मावा नाही, फुलकिडे नाहीत. आणि हो, सगळी एकदम वळली, दोन-तीन दिवसांच्या आत.

अजून एक सापडलं. वाटाण्याची एकच रांग आहे, बियाणं एकच, पेरणी एका दिवशीची. पोतं संपलं म्हणून खत अर्ध्या रांगेच्या बुडाशीच पडलं. त्या अर्ध्या भागातले शेंडे मुठीसारखे मिटलेत, ताणे स्वतःभोवतीच गुंडाळलेत. बिनखताचा भाग जाळीवर सरळ चढतोय. सीमारेषा दोरी धरून आखावी इतकी स्पष्ट आहे. शेजारच्या मक्याला तेच खत आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही.

दादा, २३ मे, दुपारी

वहिनींनी मक्याचं लिहिलं म्हणून बोलतो. हे तणनाशक आहे. ३ वर्षांपूर्वी माझे बटाटे आणि टोमॅटो असेच गेले.

गवताच्या कुरणात रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी औषधं फवारतात. गवताला ती काही करत नाहीत, म्हणूनच वापरतात. ते गवत सुकवून जनावरांना घातलं की औषध पोटातून जसंच्या तसं शेणात उतरतं. जनावराला त्रास दिसत नाही, शेणाला वास येत नाही, गांडुळंही राहतात. ढीग तापला तरी ते सहजी मोडत नाही. मातीत जिवाणू त्याला हळूहळू मोडतात, पण ढिगात ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. टोमॅटो, बटाटा, वाटाणा, घेवडा यांना त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो. मका गवताच्याच कुळातला, म्हणून तो तरला.

नाना, २३ मे, संध्याकाळी

खत जिथून आणलं त्या तबेल्यावाल्यांना फोन केला. ते म्हणतात, आम्ही आयुष्यात काही फवारलेलं नाही. माणूस खोटं बोलणारा नाही.

दादा, २३ मे, संध्याकाळी

नाना, ते खरंच सांगत असतील. विचारायचं ते हे, की हिवाळ्यात चारा कुठून विकत घेतला आणि त्या कुरणावर काय मारलं होतं. बऱ्याचदा घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. तुमच्याकडे बोट नाही. तुम्ही बघितलंत त्यापेक्षा जास्त डोळ्यांनी दिसतच नाही.

घरच्या घरी तपासता येतं. निरनिराळ्या पोत्यांतलं खत एकत्र करा. ३ कुंड्यांत निम्मं खत, निम्मी विकतची माती. ३ कुंड्यांत नुसती तीच माती. प्रत्येकीत घेवड्याचे ३-४ दाणे. खाली ताटल्या वेगवेगळ्या, एकीचं पाणी दुसरीत जायला नको. २ ते ३ आठवडे थांबा आणि पहिली दोन साधी पानं सोडून त्यानंतरचं तिहेरी पान बघा.

अण्णा, २३ मे, रात्री

हे औषधांचं काहीही असो, कॅल्शियम विसरू नका. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो तो त्याच्या कमतरतेने. मी दर रोपाखाली अंड्याची टरफलं घालतो.

माई, २३ मे, रात्री

अण्णा, टरफलं कुजायलाच वर्षं लागतात, या हंगामातल्या फळाला त्यांचा काय उपयोग? बहुतेक मातीत कॅल्शियम असतंच. पाणी एक दिवस आड, मग चार दिवस नाही, असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी सारखं ठेवा, डाग थांबतो.

मामा, २४ मे, सकाळी

मी माझी ४ पोती गेल्या आठवड्यातच पसरली. मिरच्या आणि काकडी अजून घरात आहेत. आता काय करू?

दादा, २४ मे, सकाळी

मामा, घरातली रोपं त्या वाफ्यात नेऊ नका, कुंड्यांत वाढवा. वाफ्यात यंदा मका लावा. पसरलेलं खत वर राहू देऊ नका, मातीत मिसळा, अधूनमधून खणून उलथापालथ करा, ओल राहू द्या. जिवाणूंना हवा आणि ओल मिळाली की काम लवकर होतं. पुढच्या वसंतात तिथली माती घेऊन आधी घेवडा पेरून बघा. आणि वहिनी, उपटलेली टोमॅटोची रोपं घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

सचिव, २४ मे, दुपारी

शनिवारचं वाटप पुढे ढकललं आहे. पोती मंडळाच्या शेडमध्ये राहतील. चाचणी कोण करणार ते कळवा. ट्रे मात्र आणा.

नाना, २४ मे, रात्री

चाचणी मी करतो. खत मी आणलंय.

नाना, १४ जून, सकाळी

मंडळी,

२५ मे रोजी घेवडा पेरला. ६ कुंड्या, एकाच खिडकीत, पाणी मोजून. पहिली दोन पानं सहाही कुंड्यांत सारखीच आली, तेव्हा मी बायकोला म्हणालो की खत चांगलं निघालं. नंतर तिसरं पान आलं. नुसत्या मातीतलं तळहाताएवढं, सपाट. खतातलं चमच्यासारखं खोलगट, कडा आत, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्याच्या वरचा शेंडा उघडलेलाच नाही. खताच्या तिन्ही कुंड्यांत हेच. कुंड्या ओट्यावर ठेवल्यात, कुणालाही येऊन बघता येतील.

वहिनी, तुमचं बरोबर होतं. उन्हाचं मी न बघता लिहिलं, ते लिहायला नको होतं.

१४ घरांचे पैसे मी परत करतोय. तबेल्यावाल्यांना कुंड्या दाखवून आलो. ते पुढच्या वेळी चारा घेताना विचारणार आहेत. शेडमधली पोती कुणीही नेऊ नका. मामांच्या मक्याला हवं असेल तर तेवढं देईन, बाकीची परत जातील.

माझ्याकडे टोमॅटोची ७ रोपं उरली आहेत, साध्या मातीतली, वीतभर उंच. वहिनी, संध्याकाळी घेऊन जा. उशीर झालाय खरा, पण खालची पानं काढून खोड आडवं पुरलंत तर जमिनीतल्या सगळ्या खोडाला मुळं फुटतात आणि रोप लवकर धरतं. तुमच्या त्या वाफ्यात मात्र लावू नका. मोठ्या कुंड्या नसतील तर माझ्याकडच्या ३ न्या.