घरी बनवलेल्या बेल्ट सँडरचा पट्टा एका बाजूला सरकतोय

नमस्कार मंडळी, धायरीला घरामागे पत्र्याच्या शेडमधे माझं छोटं वर्कशॉप आहे, लाकडी खेळणी बनवतो. हाताने पॉलिश पेपर घासून बोटं सोलवटायची म्हणून स्वतःच बेल्ट सँडर, म्हणजे दोन रोलरवर पॉलिश पेपरचा पट्टा फिरवणारं मशीन, बनवला. पट्टा 4 बाय 36 इंचाचा, मोटर जुन्या बाजारातून आणलेली 1 एचपी 1440 आरपीएम, रोलर 18 एमएम प्लायच्या 6-6 चकत्या चिकटवून 75 एमएमचे केले, पुढच्यात 6202 बेअरिंग. चालू केला की दहा सेकंदात पट्टा डावीकडे पळतो. अडवायला रोलरच्या कडेला पत्र्याच्या चकत्या लावल्या तर पट्ट्याची कडच फाटली, दोन पट्टे वाया गेले. काय चुकतंय?

उत्तर १
दादा, त्या चकत्या आधी काढा, पट्टा कडेने अडवून कधीच थांबत नाही. रोलर सपाट केलेत ना? पिठाच्या गिरणीत सपाट पट्ट्याची जुनी पुली दिसली तर बंद असताना हात फिरवून बघा, मधे पोट असतं. पट्टा नेहमी जाड भागाकडे चढतो, ऐकायला उलटं वाटतं पण त्यामुळेच तो मधे राहतो. तुम्हाला मधे साधारण 1 एमएम व्यास जास्त लागेल. लेथवर न्यायच्या आधी पुढच्या रोलरला मधोमध 1 इंची मास्किंग टेपचे तीन-चार वेढे मारून बघा, ही फक्त ट्रायल हां, तापली की टेप सरकते. आणि दोन्ही शाफ्टमधलं अंतर डावी-उजवीकडे मोजा, तुमच्या मापाने ते 340 एमएमच्या आसपास येईल, दोन्हीकडे सारखंच पाहिजे.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, त्यात भर म्हणजे पुढचा रोलर बिजागरीवर बसवून मागून एक बोल्ट द्या, तो पाव आटा फिरवला की पट्टा इकडेतिकडे नेता येतो, आणि ताण स्प्रिंगने द्या कारण पट्टा थोडा ताणला जातोच. स्पीड सेकंदाला साडेपाच मीटर पडतो, लाकडाला चांगलाय. मला काळजी मोटरची वाटते, ती जाळीची उघडी असेल तर आत भुसा जाणार आणि सिंगल फेजच्या बऱ्याच मोटरमधे स्टार्टिंगच्या स्विचला ठिणगी पडते. बंद बॉडीची, मागे पंखा असलेली घ्या. आणि कृपा करून याच मशीनवर पटाशीला धार लावू नका, भुशात लोखंडाची ठिणगी पडली तर तासाभराने धूर निघतो, आमच्या शेडमधे पोतं पेटलं होतं.

प्रश्नकर्ता
टेप लावली!! आधी शाफ्ट मोजले तर डावीकडे 338 आणि उजवीकडे 341 निघालं, ते सारखं केलं. पट्टा दोनदा डोलला आणि मधे येऊन बसला, वीस मिनिटं सागाच्या फळ्या घासल्या तरी हलला नाही. मोटर उघडीच आहे, तोवर भुसा रोज ब्लोअरने काढतो. भोसरीला कोणी एक-दोन रोलर असे पोट ठेवून टर्न करून देतं का?