रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही. नाईट शिफ्टवाल्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वय ४३, पुण्यात आयटीत आहे. गेली ६ वर्षं अमेरिकन क्लायंटमुळे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन शिफ्ट. झोपायला ५ वाजतात आणि १० ला बेल, कुकर, कामवाल्या मावशी, काही ना काही सुरू होतंच. मागच्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तर ती झोपही सलग नाही.

आता दुसरा मजला चढला की मांड्या भरून येतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर सगळं ठीक, बी १२ कमी होतं ते इंजेक्शनं घेऊन वर आलं. डॉक्टर म्हणाल्या टेन्शन कमी करा, झोप पूर्ण करा. मला तेव्हा पटलंच नाही, टेन्शन डोक्यात, मग मांड्यांना काय झालं?

म्हणून वाचायला घेतलं. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया (पेशीची वीजघरंच म्हणा) एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात तो रेणू, बनवतात आणि त्याचा साठा म्हणून काही राहत नाही, अंगात एका वेळी असतं ते १०० ग्रॅमच्या आसपास पण दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतकं बनतं आणि खर्च होतं, म्हणजे ते काम सतत चालू लागतं. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) चढं राहिलं की या मायटोकॉन्ड्रियांवरही परिणाम होतो म्हणे. शिवाय झोप-जाग सांभाळणारं शरीराचं घड्याळ (२०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल यावरच होतं) माझं उलटं झालेलं, आणि मी डबा खाते रात्री १ ला, जेव्हा इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं. वर ३ कप चहा. कॅफिन थकव्याचा सिग्नल फक्त अडवतं, थकवा तिथेच असतो, हे कळल्यावर खरंच वाईट वाटलं.

जिममधला ट्रेनर को-क्यू-टेनच्या (मायटोकॉन्ड्रियांना ऊर्जा बनवायला लागणारा पदार्थ) गोळ्या घ्या म्हणतोय, महिन्याला अडीच हजार. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची औषधं) घेणाऱ्यांच्या रक्तात ते कमी होतं असं वाचलं, पण मी स्टॅटिन घेतच नाही. कोणाला खरंच फरक पडलाय का?

आणि मुख्य प्रश्न, नाईटमधून डेला आलेल्यांना अंगात जीव यायला किती दिवस लागले? होम लोन आहे, नोकरी सोडता येणार नाही, शिफ्ट बदलायचा अर्ज मात्र करू शकते. व्यायामाने मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे माहितीये, पण त्राणच नसताना सुरुवात कुठून करायची? फिजिओवाली ताई सासूबाईंना वॉकर धरून रोज १० पावलं वाढवायला लावते, मीही तसंच करू का? कोणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, अजून कुठली टेस्ट करून घ्यायला हवी का तेही.