अ‍ॅक्रिलिक सुटतंय म्हणून ब्रँड बदलायचा? खानदेशात तरी आधी कूलरचं तोंड फिरवा

तापीकाठ_नेल्स

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळकडच्या नेलवाल्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं: अ‍ॅक्रिलिक (पावडर आणि लिक्विड कालवून नखावर चढवलेला कडक थर) आठ-दहा दिवसांत क्युटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाच्या कातडीपाशी, सुटतंय, आता कुठल्या कंपनीचं लिक्विड घेऊ? मग पुण्या-मुंबईहून नवं किट येतं, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. माझं म्हणणं रोखठोक आहे. ब्रँड बदलू नका. नख कुठे सुटतंय ते बघा, ती जागाच दोष सांगते.

मुळाशी सुटत असेल तर कारणं दोन. एक, नखाला चिकटलेली मेलेली त्वचा नीट निघालेली नाही. पुशरने क्युटिकल मागे सारलं म्हणजे झालं असं नसतं. नखावर एक पारदर्शक पापुद्रा उरतो, तो तिरप्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक बसतं त्या पापुद्र्यावर, आणि तो सुटला की वरचं सगळं घेऊन सुटतो. दुसरं, प्रॉडक्ट कातडीला टेकलेलं असतं. मुळापाशी साधारण १ मिलिमीटर जागा मोकळी हवी आणि तिथली कड इतकी पातळ हवी की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये.

बाजूने सुटत असेल तर साइडवॉलच्या (नखाच्या बाजूच्या कडेच्या) खाचेत फाइल पोचलेलीच नाही. टोकाला सुटत असेल तर कड बंद केलेली नाही, किंवा लांबी मूळ नखाला झेपत नाही आणि एपेक्स, म्हणजे थराचा सगळ्यात उंच भाग, पुढे सरकलाय. मधोमध पांढुरका फुगा दिसला तर बीड (ब्रशवर घेतलेला पावडर-लिक्विडचा गोळा) फार ओला होता किंवा प्रायमर (पकडीसाठी आधी लावतात तो द्रव) सुकू दिला नाही. यातलं काहीही बाटलीवरचं नाव बदलून सुधारत नाही.

सगळ्या ग्राहकांचं एकच बोट सुटत असेल (बहुतेकदा अंगठा) तर दोष तुमच्या मनगटाच्या कोनात आहे. एकाच बाईची दहाही नखं सुटत असतील तर तिच्या हातात. सगळ्यांचं सगळंच सुटत असेल तेव्हा साहित्याकडे वळा, आणि तिथेही पहिला संशय प्रायमरवर. नखावरची धूळ त्याचा ब्रश रोज थोडी थोडी बाटलीत परत नेत असतो.

भुसावळ_४५

आसं नही शे ताई. प्रेपबद्दलचं एक अक्षर खोडणार नाही, पण "ब्रँड बदलू नका" हा सल्ला एसीत बसून दिलेला वाटतो.

अ‍ॅक्रिलिक घट्ट होणं ही रासायनिक क्रिया, आणि उष्णतेने तिचा वेग वाढतो. या सिस्टिम साधारण २१ ते २५ अंशांची खोली धरून बनवतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४४-४५ अंश. पत्र्याखालच्या बिनाएसी पार्लरचा विचार करा. फास्ट-सेट (लवकर घट्ट होणाऱ्या) लिक्विडचा बीड नखावर ठेवून दाबेपर्यंत रबरासारखा होतो. फाइलने पाडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये शिरायला त्याला वेळच मिळत नाही, तो वरवर बसतो. मग हात आपोआप बीड ओला करायला लागतो, कारण ओल्यात चार सेकंद जास्त मिळतात. ओला बीड वाहतो, क्युटिकलच्या खाचेत उतरतो, घट्ट होताना आकसतोही जास्त. तुम्ही त्याला हाताची चूक म्हणाल. मी म्हणतो, स्लो-सेट लिक्विड असतं तर हात ओल्याकडे गेलाच नसता.

हिवाळ्यात उलटं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली येतो. सकाळच्या पहिल्या नखावर तुषार गोठल्यासारखी पांढरी नक्षी उमटते, तो थर ठिसूळ. तिथे स्लो लिक्विड घेऊन बसलात तर पाचव्या बोटापर्यंत पहिलं सरकलेलं असतं. वर्षभर एकच बाटली वापरायची, हा हट्ट आपल्या हवेला परवडत नाही.

तापीकाठ_नेल्स

त्याच कंपनीचं स्लो लिक्विड घेणं याला मी ब्रँड बदलणं म्हणत नाही, तेवढं तुमचं. पण मागवण्याआधी फुकटचे उपाय करा: उन्हाळ्यात सकाळी ११ च्या आतच अ‍ॅक्रिलिक घ्या, बीड लहान करा, आणि दहाही नखांना एकदम प्रायमर न लावता एका हाताचं पूर्ण करून मग दुसऱ्याला लावा. पावडर-लिक्विडचं माप ढोबळ एकास दीड. बीड नखावर ठेवल्यावर तीन-चार सेकंदांत स्वतःहून थोडा पसरून थांबला पाहिजे. लगेच सपाट झाला तर ओला, दाणेदार ढीग राहिला तर कोरडा.

मोनोमर_मास्तर

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्यापेक्षा मोठा घोळ वेगळा आहे: अर्धवट ब्रँड बदलणं. लिक्विड नवं, पावडर जुनी संपेपर्यंत वापरायची. आपल्याकडे बहुतेक जण हेच करतात, कारण पावडरीचा डबा महिनोन्महिने संपत नाही.

पावडरीत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, तेच क्रिया सुरू करतं. लिक्विडमध्ये त्याला चालना देणारा अमाइन असतो. कुणी पेरॉक्साइड जास्त घालून अमाइन कमी ठेवतं, कुणी उलटं. प्रत्येक कंपनीने आपल्या जोडीचं गणित आपल्यापुरतं बसवलेलं असतं. दुसऱ्याची पावडर घातली की ते बिघडतं. धोका असा की हे लगेच कळत नाही. ब्रशचा दांडा आपटला की टक्‌ आवाज येतो, फाइलही होतं, पण आतला थर पुरता पक्का झालेला नसतो. मग तो वाकतो, मुळाशी ताण येतो आणि आठवड्यात कड उघडते. शिवाय अर्धकच्च्या थराची धूळ कातडीवर बसत राहिली तर खाज आणि लाली. एकदा अ‍ॅलर्जी जडली की सहसा ती जन्मभराची. नीट जोडी वापरली तरी क्रिया पूर्ण व्हायला २४ ते ४८ तास लागतात, त्यात आपली भर नको.

ब्रश विसरू नका. जुन्या सिस्टिमचा ब्रश नव्या लिक्विडमध्ये बुडवला तर पोटातला जुना माल नव्यात उतरतो. नव्या लिक्विडनेच तो तीन-चारदा धुऊन पुसा. अ‍ॅसिटोनने धुऊ नका, सेबलचे केस कोरडे पडून फाकतात. डॅपन डिशमधलं (काम करताना लिक्विड घेतो त्या वाटीतलं) उरलेलं लिक्विड बाटलीत परत ओतू नका, ते टिश्यूवर घेऊन झाकणाच्या डब्यात टाका.

अमळनेर_आर्ट

मास्तर, पुस्तकी झालं. नेल आर्टवाल्यांकडे चार कंपन्यांच्या रंगीत पावडरी असतात आणि लिक्विड एक. सगळ्यांचीच नखं गळून पडत नाहीत ना भो. माझा नियम साधा आहे: मूळ नखाला टेकणारा थर आणि एपेक्स एकाच सिस्टिमचे, फुलं-पानं-ग्लिटर वर कुणाचंही. रंगाचा थर सुटला तर रंग सुटेल, नख नाही.

मोनोमर_मास्तर

सजावटीत नुकसान कमी, हे कबूल. पण ती पावडर क्युटिकलकडच्या कडेवर आली की तुमचाच नियम मोडतो, आणि ऑम्ब्रेमध्ये (एक रंग दुसऱ्यात विरत जातो त्या डिझाइनमध्ये) ती हटकून येते.

शिरपूर_ब्रायडल

कूलरबद्दल कुणी बोललंच नाही. आपल्याकडे निम्म्या पार्लरांत एसी नसून वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यांचा कूलर असतो, आणि तो नेमका ग्राहकाच्या हातावर रोखलेला. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. म्हणजे डिहायड्रेटरने नखावरचा ओलावा काढायचा आणि कूलरने तो परत द्यायचा. वर त्या झोताने बीडच्या पृष्ठभागावरचं मोनोमर (म्हणजे लिक्विडच) उडून जातं, बीड बाहेरून सुरकुततो आणि आत ओला राहतो. कूलर ग्राहकाच्या पाठीमागे ठेवा, झोत टेबलावर नको, आणि प्रायमरपासून शेवटच्या बीडपर्यंत तो चक्क बंद करा. घाम येतोय? तळवे टॉवेलवर ठेवू द्या, प्रायमर लावलेल्या नखाला मात्र कुणाचं बोट लागू देऊ नका, तिचं स्वतःचंही.

दुसरं, आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) सुरू होणारं लग्नांचं सत्र. नवरीच्या नखांचं लिफ्टिंग (थर सुटणं) म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांत मेंदी आणि हळद धरलीच पाहिजे. मेंदीने नखावर चढलेला रंग निरुपद्रवी असतो. नडतं ते तेल: मेंदीत घातलेलं नीलगिरीचं, नंतर रंग चढावा म्हणून चोळलेलं, वर लिंबू-साखरेचा चिकटा. हळद तर तेलात कालवूनच लावतात. अशा हातावर नुसतं डिहायड्रेटर फिरवून भागत नाही. साबण आणि मऊ ब्रशने नखं घासा, पुसा, अर्धा तास कोरडी राहू द्या, मग १८० ग्रिटच्या फाइलने फक्त चमक घालवा. नख खरवडून पातळ केलं म्हणजे पकड वाढते हा भ्रम आहे, पातळ नख जास्त वाकतं आणि जास्त सोडतं. त्याच सुमारास कुणी कोमट पाण्यात हात भिजवून मॅनिक्युअर करून घेत असेल तर अ‍ॅक्रिलिक दुसऱ्या दिवशी. भिजलेलं नख फुगलेलं असतं, सुकताना आकसतं, अ‍ॅक्रिलिक आकसत नाही.

आणि नखं आधी, हळद नंतर असा क्रम असेल तर वर यूव्ही टॉपकोट द्याच. उघडं अ‍ॅक्रिलिक हळदीने पिवळं पडतं आणि मग म्हणतात, ब्रँड हलका होता.

नंदुरबारची_नवखी

ताई-दादा, एक विचारते. अ‍ॅसिड प्रायमर घ्यावा की बिनअ‍ॅसिडचा? दुकानदार म्हणतो, अ‍ॅसिडवाल्याने लिफ्टिंग कायमचं बंद.

तापीकाठ_नेल्स

बिनअ‍ॅसिडचा. अ‍ॅसिड प्रायमर म्हणजे मेथॅक्रिलिक अ‍ॅसिड, कातडीला लागलं तर भाजतं. नवशिक्या हाताने तो क्युटिकलमध्ये वाहतोच.

भुसावळ_४५

मी अ‍ॅसिडवाल्याच्या बाजूने. घामट, तेलकट हातांना बिनअ‍ॅसिडचा पुरत नाही. पण ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळा, मग टिश्यूवर टेकवा, आणि उरलेल्या ओलीचा एक ठिपका नखाच्या मध्यावर टेकवा. तो आपण होऊन पसरतो, कडेपर्यंत ओढायचा नाही. सुकल्यावर नख खडूसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे, चमकत असेल तर थांबा. बिनअ‍ॅसिडचा सुकल्यावरही किंचित चिकट राहतो, त्याची वाट बघत बसू नका. कुठलाही असो, दोन थर दिले म्हणजे दुप्पट पकड, असं होत नाही. जाड प्रायमरच सुटतो.

ग्राहकाचं नख आधीच पातळ किंवा सोललेलं असेल तर मात्र ताईंचं ऐक.

अमळनेर_आर्ट

उन्हाळ्यात लिक्विड फ्रिजमध्ये ठेवलं तर काम नाही का भागणार? वेगळं स्लो-सेट कशाला?

मोनोमर_मास्तर

थंडगार बाटली दमट खोलीत उघडली की तोंडाशी आणि डिशमध्ये हवेतलं पाणी धरतं, तेच बीडमध्ये जातं. शिवाय ते लिक्विड ज्वलनशील, त्याची वाफही. घरगुती फ्रिजमध्ये दुधाशेजारी ते ठेवायचं नाही. बाटली गडद कपाटात, जमिनीलगत, उन्हापासून दूर ठेवा. भट्टीसारख्या गाडीतून आलेलं पार्सल त्याच दिवशी फोडून वापरू नका. आणि लिक्विड पिवळं पडलं असेल तर "अजून चालतंय" म्हणू नका.

ब्रँड बदलायचाच असेल तर स्वस्त, बिनलेबलच्या लिक्विडकडे जाऊ नका. त्यात बऱ्याचदा ईएमएऐवजी (इथाइल मेथॅक्रिलेट) एमएमए (मिथाइल मेथॅक्रिलेट) असतं, म्हणजे कवळी दुरुस्त करणाऱ्या कोल्ड-क्युअर लिक्विडमधला पदार्थ. अमेरिकेच्या एफडीएने १९७० च्या दशकातच शुद्ध एमएमएच्या नेल प्रॉडक्टवर कारवाई केली होती. त्याची खूण: फाइलला दाद देत नाही, आणि अ‍ॅसिटोनमध्ये अर्धा तास ठेवूनही मऊ पडत नाही. गंमत म्हणजे त्याचं लिफ्टिंग कमी दिसतं, कारण ते लावताना मूळ नख रगडून ठेवतात. कपाटाच्या दारात बोट अडकलं तर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नख फाटतं. लिफ्टिंग नसणं म्हणजे प्रॉडक्ट चांगलं, असं जे धरून चालतात त्यांनी हे लक्षात घ्यावं.

शिरपूर_ब्रायडल

बदलण्याआधी चाचणी घ्या एवढं तरी सगळे मान्य कराल? डावा हात जुना, उजवा नवा, असं करू नका. उजवा हात भाकरी थापतो, भांडी घासतो, भरताची भाजलेली वांगी सोलताना नख पात्यासारखं घालतो. नवा ब्रँड बिचारा फुकट बदनाम होतो. एकाच हातावर एक बोट जुनं, एक नवं. प्रेप, प्रायमर, बीडचं माप सगळं तेच. दोन-अडीच आठवड्यांनी इनफिलला (नख वाढून मोकळी झालेली जागा भरायला) आली की कुठलं किती उचललंय ते वहीत लिहा.

तापीकाठ_नेल्स

मान्य. फक्त त्यासाठी जुनं अ‍ॅक्रिलिक पूर्ण काढायची गरज नाही. सुटलेला भाग ड्रिलने घासून बाकीच्याशी सपाट मिळवून घ्या, उरलेला एक-तृतीयांशपर्यंत पातळ करा आणि नवा त्यावर द्या. पक्कं झालेलं अ‍ॅक्रिलिक नव्याला धरतं.

भुसावळ_४५

इनफिलसाठी चालेल, चाचणीसाठी नाही. जुन्यावर नवा दिला तर मूळ नखाला धरून कोण बसलंय? जुनाच. मग तुम्ही तपासताय काय? अ‍ॅसिटोनमध्ये २०-३० मिनिटं ठेवून पूर्ण काढा. निपरने सुटलेली कड उचकटू नका, नखाचे पदर सोबत येतात. खाली हिरवट डाग दिसला तर त्या बोटावर चाचणी नाही आणि नवं अ‍ॅक्रिलिकही नाही. तो ओल धरलेल्या पोकळीतला जिवाणूंचा डाग असतो, त्यावर झाकण घालायचं नाही.

नंदुरबारची_नवखी

आणि अंगठे कुठल्या ब्रँडचे धरू? एक बोट हे, एक ते, असं गेलं तर अंगठ्याला जोडीच उरत नाही.

शिरपूर_ब्रायडल

अंगठे मोजणीतच धरू नकोस. त्यांचं नख रुंद आणि सपाट, आणि बाटल्यांची झाकणं, लसणाच्या पाकळ्या, मोबाइल सगळं त्यांच्यावरच. आठ बोटांचा हिशोब ठेव.